१७. अडतीस घरं कमी

शुक्रवारी भाषागणनेची यादी लागली आणि रविवारी दुपारी ताईने भाऊला घरी बोलावून घेतलं. बोलावलं कसलं, फोनवर दरडावलंच. "येताना वहिनीला घेऊन ये. एकटा आलास तर माझ्या तोंडून काय निघेल ते मलाच माहीत नाही." भाऊ नगरसेवक माणूस, दिवसाला पन्नास फोन घेतो, पन्नास जणांना 'बघतो, करतो' म्हणतो, पण थोरल्या बहिणीचा हा आवाज ऐकला की त्याला अजूनही शाळेत उशिरा पोचल्यासारखं होतं. पन्नाशी उलटली तरी काही फरक पडला नाही.

ताईची शाळा म्हणजे चार वर्ग, एकशे सहा मुलं आणि तीन शिक्षिका. शहरात आपल्या भाषेत शिकवणारी ही शेवटची उरलेली. ताई तिची मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही, वडिलांना, म्हणजे आबांना, सोडून राहिली नाही, आणि या दोन्ही गोष्टींचा कुणी उल्लेख केलेला तिला खपत नाही.

आबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बटाटे सोलत होते. खाली वर्तमानपत्र, साली एका बाजूला, बटाटे दुसऱ्या बाजूला. वय त्र्याऐंशी, पण साल अशी पातळ काढतात की वहिनीला अजून जमत नाही. भाऊ आला, वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला. आबा म्हणाले, "बस. ती पेटली आहे. मधे बोलू नकोस."

"मधे बोलायला बोलावलंय त्याला," ताई म्हणाली. "बोल रे. अडतीस घरं कशी कमी पडली?"

आता ही अडतीस घरं म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. दर दहा वर्षांनी भाषागणना होते. घरचा कर्ता दारात उभा राहून सांगतो की आमच्या घरात अमुक भाषा बोलतात, आणि गणक ती वहीत लिहून घेतो. पुरावा नाही, कागद नाही, नुसता शब्द. शहरातल्या दर पाच घरांमागे एका घराने आपली भाषा सांगितली, की शाळा राहते, इस्पितळाच्या पाट्यांवरची दुसरी ओळ राहते, कोर्टात दुभाषा राहतो. हे राज्य झालं तेव्हा सरकार बनवायला तीन आमदार कमी पडत होते आणि ते तिघे आपले निघाले. त्यांनी मंत्रिपदं मागितली नाहीत, हे एक कलम मागितलं. गल्लीत अजूनही त्यावरून वाद होतात, कुणी त्यांना शहाणे म्हणतं, कुणी खुळे. पण त्या तिघांमुळे राज्याच्या कायद्याच्या पुस्तकात एक पान वेगळं छापावं लागलं, आणि साठ वर्षं ते पान टिकलं. यंदा अडतीस घरं कमी पडली.

"मी काय घरोघर मोजायला गेलो होतो?" भाऊ म्हणाला.

"तू नाही, तुझ्या पक्षाची पोरं गेली असतील. एक राज्य, एक भाषा! भिंतीभिंतीवर रंगवलंय. आपल्या गल्लीत एकसष्ट घरं आहेत. एकसष्ट! सगळी आपलीच. त्यातल्या किती घरांनी आपली भाषा सांगितली? नऊ. मी नगरपालिकेत जाऊन दोनदा विचारलं. तो कारकून माझ्याकडे बघून हसला. बाई, म्हणाला, तुमच्याच लोकांना तुमची भाषा नकोय."

"ताई, माझ्या घरची भाषा मी राज्यभाषा सांगितली, ते मी कबूल करतो. मला तिकीट मिळणार आहे विधानसभेचं. मी दुसरं काय सांगणार होतो? पण शप्पथ सांगतो, गल्लीत मी कुणाला एक शब्द बोललो नाही."

"तुझी शप्पथ! तुझ्या पक्षाच्या अध्यक्षासमोर तू म्हणतोस, मला ती भाषा धड येत नाही. आईच्या मांडीवर काय बोलत होतास मग, चिनी?"

"पक्षाच्या आत बसून मी या गल्लीला गटार आणलं, दिवे आणले, पाण्याची वेळ वाढवली," भाऊचा आवाज चढला. "आपली अकराशे मतं आहेत ताई. त्या अकराशे मतांवर नगराध्यक्ष बसतो नि उठतो. मी आत नसतो तर बाहेर उभं राहून तू किती ओरडली असतीस, कुणी खिडकीसुद्धा उघडली नसती."

"गटार! शाळा गेली नि गटार राहिलं. छान झालं."

वहिनी इतका वेळ सिंकपाशी उभी होती. ती औषधाच्या दुकानात काम करते, माणसं एकमेकांवर ओरडत असताना गप्प राहून ऐकायची तिला सवय आहे. शिवाय ती पलीकडची, राज्यभाषेच्या घरातली. सासूबाईंनी तिला ही भाषा भाजी चिरता चिरता शिकवली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला एक गोष्ट फार लागायची. दाराची बेल वाजली की घरातलं बोलणं तटकन तुटायचं, हसणंसुद्धा. जो दार उघडायला जाई तो वेगळ्याच आवाजात, वेगळ्याच भाषेत बोलायला लागायचा. तिला वाटायचं, मी परकी आहे म्हणून करतात. पुढे कळलं की तिच्या आधीपासून चालू आहे. गल्लीत त्याला नावही होतं: आतली भाषा आणि दारची भाषा. तिला आत्ता ते आठवलं. तिने आबांकडे पाहिलं. आबांचा हात थांबला होता.

"नऊ घरं," ताई म्हणत होती, "आपलं धरून नऊ—"

"आपलं धरून नाही," आबा म्हणाले.

ताई त्यांच्याकडे वळली.

"त्या नवात आपलं घर नाही, पोरी." आबांनी बटाटा खाली ठेवला. "तू शाळेत होतीस. दार वाजलं. दरवेळी शाळेतल्या बाई यायच्या गणक म्हणून, यंदा उघडलं तर परका माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, आमच्या घरात राज्यभाषाच बोलतात, साहेब. पाणी देऊ का, असंही विचारलं. प्यायला बिचारा."

"आबा!"

"तो तीन घरं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं."

"मग हाक मारायची! मागे धावायचं! मला सांगायचं तरी!"

"वहीवाल्याला परत कुणी बोलावतं का गं," आबा म्हणाले. त्यांना खरोखरच हे कळत नव्हतं की असं कुणी करू शकतं. "आणि तुला सांगायची लाज वाटली. रोज ठरवायचो. रोज तू दमून यायचीस."

ताई खुर्चीवर बसली. सहा महिने ती शाळेतल्या मुलांना घरी निरोप देऊन पाठवत होती: आईबाबांना सांगा, आपली भाषा सांगा. गल्लीच्या तोंडाशी तिने फलक लावला होता. आणि तिच्याच घरात, तिच्याच दारात हे झालं होतं. तिला वडिलांचा इतका राग आला की त्यांच्याकडे बघवेना, आणि भाऊकडेही बघवेना, कारण त्याच्यावर ती उगाच घसरली होती.

"बाकीच्यांनी पण असंच केलं असणार," आबा हळू आवाजात म्हणाले. "जे म्हातारे दारात गेले, त्या सगळ्यांनी. त्यांना ते वाक्य मीच शिकवलंय."

ते वर्ष. गल्लीत त्याला दुसरं नाव नाही, नुसतं 'ते वर्ष'. भाषेवरून शहर पेटलं होतं, संचारबंदी होती, आणि आबा वीज मंडळात मीटर वाचायला होते. मंडळाचा बिल्ला होता म्हणून शिपाई त्यांना अडवत नसत. ते एकेका घरात शिरायचे, मीटर बघितल्यासारखं करायचे, आणि घरातल्या पोराबाळांना, म्हाताऱ्यांना उभं करून ते एक वाक्य म्हणून घ्यायचे. उच्चार चुकला तर पुन्हा. झोपेतून उठवलं तरी तोंडातून तेच आलं पाहिजे, असं ते सांगायचे. चाळीस वर्षं गल्लीने ते पाळलं.

"मंगळवारी पाचपर्यंत हरकत घेता येते," वहिनी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "यादीखाली छापलंय. कर्त्याने स्वतः जाऊन सांगायचं, की आधी दिलेली माहिती चुकीची होती."

"त्याच्याखाली हेही छापलंय की खोटी माहिती देणं गुन्हा आहे," भाऊ म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना गुन्हा कबूल करायला नेणार तुम्ही? आबांना?"

"आजवर कुणाला शिक्षा झाल्याचं ऐकलं नाही मी."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"अहो, बाजू कसली," वहिनी म्हणाली, "शाळा बंद होतेय."

आबांनी बटाटे उचलून पाण्यात टाकले, हात धुतले, पुसले. "उद्या मी फिरतो," ते म्हणाले. "घरं माझ्या पायाखालची आहेत. मी शिकवलं, मीच सांगतो, आता पुरे झालं म्हणून. अडतीसच ना? होतील."

परत जाताना भाऊने गाडी कोपऱ्यावर थांबवली आणि इंजिन बंद केलं. अध्यक्षांचे दोन फोन येऊन गेले होते. गल्लीतून हरकती निघाल्या तर पहिला प्रश्न त्यालाच विचारणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. तुझ्याच घरातून सुरुवात? वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, खुर्च्या मांडल्या, नाही नाही त्यांच्या पाया पडला, तेव्हा कुठे नाव उमेदवारांच्या यादीत आलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आबांना यात पडू देऊ नकोस. वयाला झेपणार नाही."

"तुमच्या वयाला झेपेल का, ते बघा आधी," वहिनी म्हणाली. त्याने गाडी सुरू केली.

सोमवारी सकाळी आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ताईने रजा टाकली. मुख्याध्यापिका झाल्यापासूनची ही तिची दुसरी रजा. पहिली आई गेली तेव्हाची. तिच्या हातात फाइल, फाइलमध्ये हरकतीचे कोरे नमुने. आबा पुढे, ती मागे.

त्यांची फेरी ठरलेली होती, डावीकडून सुरू करून उजवीकडून परत. कुठल्या घराचा मीटर जिन्याखाली, कुठल्या घराचा न्हाणीघराच्या मागे, हे आबांना आजही पाठ. पहिल्या घरी शिंपीणबाईने दोघांना आत घेतलं, चहा केला आणि नमुना भरून दिला. दुसऱ्या घरी तरुण जोडपं होतं, ते त्या नऊ घरांतलेच. ते म्हणाले, आमच्या म्हाताऱ्यांना समजवा. तिसऱ्या घरी म्हातारीने ऐकून घेतलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "मीटरभाऊ, तुम्ही सांगितलं तेव्हा पोरं वाचली माझी. आता उलटं सांगता. मी कुठलं ऐकू?"

"आत्ताचं ऐका. दिवस बदलले."

"बदललेत का खरंच?" तिने ताईला विचारलं. गल्लीच्या तोंडाशी 'एक राज्य, एक भाषा' रंगवलेली भिंत तिच्या खिडकीतून दिसत होती. ताईला खोटं बोलता आलं नाही.

दुपारपर्यंत सहा झाले. काही जण घरात असून दार उघडेनात. काहींनी उद्या बघू म्हटलं. एकाने आबांना बाजूला घेऊन विचारलं, नोकरीला असलेल्या पोराला त्रास नाही ना होणार? आबांनी छातीला हात लावून सांगितलं की नाही होणार, आणि पुढच्या घराकडे जाताना ताईला म्हणाले, "मला काय माहीत होणार की नाही. पण तो घाबरला होता गं."

चष्मेवाल्याच्या दारात आबा जरा खुलले. हा त्यांचा बालमित्र. रोज संध्याकाळी दोघे त्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवतात. हा त्यांना 'ए मीटर' म्हणतो, ते त्याला 'चष्म्या' म्हणतात, आणि दोघांपैकी कुणाला नीट दिसत नाही. "हा एक आला की त्याच्यामागे दहा येतील," आबा म्हणाले. "गल्ली याचं ऐकते." त्यांनी दार वाजवलं.

दार अर्धं उघडलं. चष्मेवाल्याने आधी आबांना पाहिलं आणि तोंड उघडलं, बहुधा 'ए मीटर' म्हणायला. मग त्याला मागे उभी असलेली ताई दिसली. तिच्या हातातली फाइल दिसली, पेन दिसलं. त्याचा चेहरा गुळगुळीत झाला.

"आमच्या घरात राज्यभाषाच बोलतात, साहेब," तो म्हणाला. "पाणी देऊ का?"

"अरे चष्म्या, मी आहे," आबा आतल्या भाषेत म्हणाले. "हे काय लावलंयस? ही आपली ताई. आपली पोरगी."

"आमच्या घरात राज्यभाषाच बोलतात," चष्मेवाला पुन्हा म्हणाला. समोर कोण आहे ते त्याला पुरतं कळत होतं आणि म्हणूनच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने दार लावून घेतलं.

ताईचा संताप झाला. "कालपर्यंत तुमच्या ताटात जेवणारा माणूस! साहेब म्हणतोय तुम्हाला!"

आबा दाराकडे बघत उभे होते. "त्याच्याकडून मी सगळ्यात जास्त वेळा म्हणून घेतलं होतं," ते म्हणाले. "त्याला उच्चार जमत नव्हता. रडायचा. एकदा मी थोबाडीत मारली होती त्याच्या." मग म्हणाले, "आता बघ, एक अक्षर चुकलं नाही."

त्यानंतर त्यांनी सगळी घरं घेतली, एकही सोडलं नाही, पण दार वाजवायचं काम ताईने केलं. संध्याकाळी फाइलमध्ये दहा कागद होते.

मंगळवारी चार वाजता भाऊ नगरपालिकेत पोचला तो आबांना घरी न्यायला. वहिनीने फोन करून सांगितलं होतं की आबा तिथे बाकावर बसलेत आणि ऐकत नाहीयेत. भाषागणनेची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. काचेचं टेबल, शिक्क्याचं पॅड, सर्दी झालेली एक तरुण अधिकारी बाई. बाकी खुर्च्या रिकाम्या. शिंपीणबाई आणि इतर नऊ जण येऊन, सांगून गेले होते. आणखी कुणी येईल म्हणून आबा ताईला घेऊन सकाळपासून बसले होते. पावलं वाजली की दाराकडे बघत होते.

"चला आबा," भाऊ म्हणाला. "अकराने काही होत नाही. उगाच गुन्हा कबूल केल्यासारखं होईल."

"आजोबा, हे बरोबर सांगताहेत," अधिकारी बाई म्हणाली. स्वभावाने ती वाईट नव्हती. "आकडा पुरा होत नाही. तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल."

"लिहून घ्या," आबा म्हणाले. आतल्या भाषेत म्हणाले.

बाईने पेन खाली ठेवलं. दावा ज्या भाषेचा त्याच भाषेत जबाब द्यायचा, असा नियमच होता. पण तिला ती भाषा येत नव्हती. आधीच्यांसाठी इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई येऊन बसल्या होत्या, त्या तीनला गेल्या. भाषांतर करणारा वरच्या हुद्द्याचा अधिकारी हवा किंवा लोकप्रतिनिधी. नातं आड येत नव्हतं, पण ताई चालणार नव्हती, शाळेमुळे तिचा संबंध येत होता. बाईने नाक पुसलं आणि सगळे ज्याच्याकडे बघत होते त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्हाला येते का?"

दारात कारकून उभा होता. त्याचा मेहुणा अध्यक्षांकडे गाडी चालवतो, हे भाऊला ठाऊक होतं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि काहीच सुचवत नव्हती.

"समजते," भाऊ म्हणाला. तो आबांच्या शेजारी बसला.

आबा एक वाक्य बोलायचे, थांबायचे, भाऊ ते राज्यभाषेत सांगायचा. माझं वय त्र्याऐंशी. वीज मंडळात मीटर वाचत होतो. आमच्या घरात आमचीच भाषा बोलतात. गणकाला मी दुसरं सांगितलं. ते खोटं होतं. इथपर्यंत भाऊचा आवाज सभेतल्यासारखा सरळ चालला होता.

"माझा थोरला भाऊ त्या वर्षी बोटीने परदेशी गेला, असं मी पोरांना सांगत आलो," आबा म्हणाले.

भाऊ थांबला. थोरले काका बोटीवर गेले, तिकडेच लग्न केलं, पत्र लिहायचा कंटाळा म्हणून लिहीत नाहीत. हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. ताईने तर शाळेत निबंध लिहिला होता काकांवर.

"काय म्हणाले?" बाईने विचारलं. भाऊने सांगितलं.

"तो गेला नव्हता. पोरं आईबरोबर आजोळी होती. रात्री दार वाजलं. मला त्याने माळ्यावर चढवलं आणि खाली जाऊन दार उघडलं. त्यांनी विचारलं, घरात कोण कोण आहे? तो म्हणाला, मी एकटाच आहे." आबा टेबलाच्या काचेकडे बघत बोलत होते. "मला वाचवायला खोटं बोलला. पण बोलला आपल्या भाषेत. घाईत भाषा बदलायची राहिली. त्यांना न्यायला तेवढं पुरलं. तिसऱ्या दिवशी कालव्यापाशी मी त्याला बुटांवरून ओळखलं. म्हणून मी घरोघर शिकवत फिरलो. कुणाचं राहून जाऊ नये म्हणून."

भाऊने एकेक वाक्य राज्यभाषेत सांगितलं. 'मी एकटाच आहे' याच्याशी तो अडला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडला, आणि मग रडत रडत ते सांगून टाकलं. ताईने तोंडावर हात दाबून धरला होता. अधिकारी बाईने सगळं लिहिलं आणि आबांचा अंगठा न घेता सहीच घेतली, कारण सही करता येते असं त्यांनी दोनदा बजावलं.

"शेवटचा प्रश्न भाषांतर करणाऱ्याला," ती म्हणाली. "यांच्या घरी ही भाषा बोलतात, याची तुम्हाला स्वतःला माहिती आहे?"

"आहे," भाऊ म्हणाला. मग तो उठायच्या बेतात होता, पण उठला नाही. "माझ्या घरीसुद्धा आम्ही तीच बोलतो. मी गणकाला खोटं सांगितलं होतं. माझंही लिहून घ्या."

"साहेब, बाराच होतील."

"होऊ देत." त्याने जबाब आतल्या भाषेत दिला, स्वतःच राज्यभाषेत सांगितला आणि सही केली.

दारातला कारकून दिसेनासा झाला. वहिनी पुढे आली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

आबा जिन्यापर्यंत आले. पहिल्या पायरीवर त्यांनी भाऊचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं भाऊला वाटलं नव्हतं.

"परत जा," आबा म्हणाले. "चूक झाली म्हण."

"आबा, झालं ते झालं."

"झालं काय? वहीत लिहिलंय तिने! तुझं नाव, तुझा पत्ता! जा, खोडायला सांग."

"आत्ता तुम्हीच नाही का सांगितलंत सगळं?"

"माझं काय रे, मी आज आहे उद्या नाही. तुला पोरं आहेत. तुझं दार वाजलं तर?" आबा पायरीवरच बसले, मनगट न सोडता, आणि भाऊलाही खाली बसावं लागलं. "मी इथून उठत नाही. जा म्हणतो ना! मी एवढं केलं ते कशासाठी केलं? तुला वहीत बघायला?"

"नाही खोडणार मी," भाऊ म्हणाला, पण हळू म्हणाला, कारण आबा लहान मुलासारखे रडत होते. येणारेजाणारे वळून बघत होते. वहिनीने त्यांचे डोळे पुसले तर त्यांनी तिचा हात झटकला.

"थांबा," ताई म्हणाली. "मी जाते. मी सांगते तिला."

ती परत खोलीत गेली. अधिकारी बाई कागदांवर शिक्के मारत होती. सगळ्यात वर भाऊचा कागद होता, शाई अजून ओली. बारा घरं, हवी होती अडतीस, आणि घड्याळात पाच वाजत आले होते.

"काही राहिलं का, बाई?"

"नाही," ताई म्हणाली. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली आणि खाली आली.

"खोडलं, आबा," ती आतल्या भाषेत म्हणाली. "माझ्यासमोर रेघ मारायला लावली."

"आता नाव वाचता येत नाही ना?"

"नाही येत वाचता. दोनदा मारली रेघ."

आबांनी भाऊचं मनगट सोडलं. भाऊने ताईकडे पाहिलं. ती वाकून आबांची कॉलर सरळ करत होती, मान वर करत नव्हती. आबांनी नाक पुसलं, दोन्ही पोरांच्या खांद्यांचा आधार घेतला आणि उठले. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांना आठवलं.

"आणि तुझी शाळा गं?"

"बंद झाली, आबा," ताई म्हणाली, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदा रडली.